दगडफूल नकाशाबाहेर सापडतं तेव्हा

१९०२ साली हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फार्लो यांनी कॅनडातल्या कॅम्पोबेलो बेटावरून एक शैवाक, म्हणजे दगडफुलाच्या गटातला एक जीव, गोळा केलं. नमुना फ्रान्सला पोचला, ऑगस्त ह्यू या धर्मगुरू-अभ्यासकाच्या हाती लागला आणि १९११ साली पॅनारिया पेडिसेलाटा या नावाने त्याचं वर्णन छापून आलं. पुढे बरीच वर्षं त्याची कुणाला फारशी आठवण राहिली नाही. १९४८ साली स्वीडनच्या स्टेन आल्नर यांनी नॉर्वे-स्वीडनच्या सूचिपर्णी झाडांवरच्या शैवाकांवर प्रबंध लिहिला आणि त्यात एक नवी जाती नोंदवली, एरिओडर्मा बोरिएल. मग १९७२ साली नॉर्वेचे पेर मॅग्नस यॉर्गेनसेन यांनी दाखवून दिलं की फार्लोंचा नमुना आणि आल्नर यांची जाती हे एकच आहे. ह्यूने दिलेलं नाव आधीचं असल्यामुळे ते टिकलं, आणि तेव्हापासून या शैवाकाला एरिओडर्मा पेडिसेलॅटम म्हणतात. नावांच्या या जुळणीसाठी कुणी बोटीत बसलं नाही की जंगलात पाऊल टाकलं नाही. तरी एका जातीचं आढळक्षेत्र अटलांटिक महासागर ओलांडून गेलं.

एखादी जाती आपल्या माहितीतल्या प्रदेशापासून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर सापडली की बातमी होते आणि लगेच वारा, पक्षी, हिमयुग यांची चर्चा सुरू होते. शैवाकांच्या बाबतीत असं वारंवार घडतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली अशी प्रकरणं पाहिली तर माझं मत असं बनतं की या बातम्यांपैकी बऱ्याच आधी आपल्या शोधण्याबद्दल सांगतात, आणि शैवाकाच्या प्रवासाबद्दल नंतर. पण सगळ्याच नाही. कुठली कोणत्या खात्यात टाकायची, हाच या विषयातला खरा किचकट भाग.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. १८६० च्या दशकात सिमॉन श्वेंडेनर यांनी हे मांडलं तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी त्यांची टर उडवली होती. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही शैवाकच. जगात शैवाकांच्या वीसेक हजार जाती ज्ञात आहेत आणि भारतात त्यांतल्या तीन हजारांच्या आसपास. जातीला नाव मिळतं ते त्यातल्या बुरशीचं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा निम्मा गोंधळ इथूनच निघतो.

एरिओडर्मा पेडिसेलॅटम दिसायला साधं आहे. पाच-सहा सेंटिमीटरचा पानासारखा तुकडा, वरून बारीक केसाळ, नमदा असावा तसा. कोरडा असताना राखाडी-तपकिरी, भिजला की निळसर झाक येते, कारण आतला जोडीदार हिरवं शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया असतात. कडा वर वळलेल्या, त्यामुळे खालची पांढरी बाजू चमकते. वरच्या पृष्ठावर लालसर तपकिरी चकत्या असतात आणि त्यांतून बीजाणू बाहेर पडतात. अनेक शैवाकं पृष्ठभागावर पूड किंवा बारीक बोंडं तयार करतात, ज्यांत बुरशी आणि शैवाल दोन्ही असतात. अशी कणी वाऱ्याने उडाली की संसार सगळा सामानासकट हलतो. एरिओडर्मा पेडिसेलॅटममध्ये ही सोय नाही. त्याचे बीजाणू फक्त बुरशीचे असतात. ते जिथे पडतील तिथे योग्य जातीचा सायनोबॅक्टेरिया आधीच हजर असला तरच शैवाक तयार होणार. शिवाय त्याला थंड, सतत दमट जागा आणि स्वच्छ हवा लागते. त्याच्या वंशातल्या बहुतेक जाती उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर राहतात, त्यामुळे उत्तरेकडच्या थंड जंगलात राहणारी ही जाती आपल्या भावकीतही वेगळी पडलेली आहे.

आता पुढची हकिकत. स्वीडनमधून हे शैवाक वृक्षतोडीत गेलं. नॉर्वेतही ते संपलं असं समजलं जात होतं, पण ते तग धरून असल्याचं १९९० च्या दशकात कळलं. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात आम्लपाऊस आणि जंगलतोड यांनी त्याचा फडशा पडत असल्याचा इशारा वोल्फगांग मास यांनी १९८० सालीच दिला होता. न्यूफाउंडलंड बेटावर बाल्सम फरच्या झाडांवर मात्र ते बऱ्यापैकी टिकून होतं. २००३ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत त्याला अतिसंकटग्रस्त म्हणून स्थान मिळालं. त्या यादीत पुढे कितीतरी वर्षं शैवाकांच्या दोनच जाती होत्या, एक हे आणि दुसरं फ्लोरिडातलं क्लॅडोनिया परफोराटा. म्हणजे अटलांटिकच्या दोन काठांवर उरलेलं, मरणपंथाला लागलेलं शैवाक अशी त्याची ओळख पक्की झाली होती.

आणि २००७ साली ते अलास्कात सापडलं, डेनाली राष्ट्रीय उद्यान आणि शेजारच्या राज्य उद्यानात. न्यूफाउंडलंडपासून तिथपर्यंत जवळजवळ अख्खं उत्तर अमेरिका खंड आडवं येतं. पुढे पद्धतशीर पाहणी झाली तेव्हा डेनालीतली वस्ती ही जगातली आतापर्यंतची सगळ्यात मोठी ज्ञात वस्ती ठरली. त्यानंतर काही वर्षांतच रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पातूनही नोंद आली.

आता कुणी म्हणेल, हे शैवाक अटलांटिकवरून प्रशांत महासागराच्या काठी उडत गेलं. पण जगातली सगळ्यात मोठी वस्ती म्हणजे काल-परवा आलेला पाहुणा नव्हे. ते तिथे आधीपासून होतं. अलास्काच्या त्या जंगलांत शैवाक ओळखणारा माणूस त्या झाडाखाली उभा राहिला नव्हता, एवढाच फरक. नोव्हा स्कॉशियातली एक गोष्ट याला पुष्टी देते. तिथल्या संशोधकांनी नकाशावर दलदलीलगतची, किनाऱ्याजवळची फरची झाडी कुठे आहे ते आधी मांडलं, मग नेमकं तिथे जाऊन पाहिलं, आणि नव्या जागा सापडल्या. शोध ठरवून घेतला तर आढळक्षेत्र वाढतं.

म्हणून शैवाकांच्या नकाशांकडे थोडं संशयाने पाहावं. त्यावरचे ठिपके शैवाकं कुठे आहेत यापेक्षा शैवाकतज्ज्ञ कुठे राहतात आणि सुट्टीत कुठे जातात हे जास्त दाखवतात. भारतात हे ठळक दिसतं. लखनौला धरणीधर अवस्थी यांनी आधुनिक शैवाकशास्त्राचा पाया घातला आणि त्यांचा संग्रह तिथल्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेत आहे. त्यामुळे हिमालयाची माहिती दाट. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचे नमुने तिथल्या आजरेकर कवकसंग्रहात आहेत. या दोन दाट ठिपक्यांच्या मधला मुलूख विरळ दिसला तर त्याचा दोष शैवाकांना देता येत नाही.

पण समजा, शोधण्यातली पोकळी हे कारण नाही असं वाटतं. मग पहिला प्रश्न उरतो ओळखीचा. सापडलं ते खरंच तेच आहे का?

याची तपासणी कशी होते ते पाहण्यासारखं आहे. सह्याद्रीत झाडाच्या सालीवर पार्मोट्रेमा वंशातल्या जाती मुबलक दिसतात, राखाडी, तळहाताएवढ्या, पानांच्या झुबक्यासारख्या. त्यांतली टिंक्टोरम आणि परलॅटम ही दोन लांबून सारखीच. भिंगाखाली धरलं की टिंक्टोरमच्या पृष्ठावर बारीक बोंडं दिसतात आणि परलॅटमच्या कडांना पिठूळ पूड. मग ब्लेडने वरचं कातडं हलकेच खरवडायचं. आत पांढरा, कापसासारखा गर लागतो. त्यावर काडीच्या टोकाने ब्लीचचा थेंब ठेवायचा. टिंक्टोरमचा गर क्षणात लालभडक होतो आणि थोड्या वेळात रंग विरतो, कारण त्यात लेकॅनोरिक आम्ल असतं. परलॅटम ब्लीचला दाद देत नाही. ते पोटॅशच्या द्रावणाला पिवळं होऊन हळूहळू नारिंगी होतं. ब्लीच ताजं हवं. बाटली महिनोन्महिने उघडून ठेवलेली असली की लाल व्हायचं ते पांढरंच राहतं आणि एक खोटी नोंद जन्माला येते. ही रसायनचाचणी विल्यम निलांडर यांनी १८६६ साली सुरू केली. त्याच वर्षी त्यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं पाहून हवेच्या शुद्धतेचा अंदाज घेता येतो असंही मांडलं. गंमत अशी की बुरशी आणि शैवाल यांच्या जोडीची कल्पना मात्र या गृहस्थांना शेवटपर्यंत पटली नाही.

रसायनांपुढची पायरी म्हणजे डीएनए. आणि डीएनएने जुने नकाशे फाडले. कोरा हे उष्ण कटिबंधातलं, मुख्यतः दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, कानासारखं पसरट शैवाक. बराच काळ त्याची एकच जाती मानली जात असे आणि तिचा पसारा खंडभर समजला जाई. रॉबर्ट ल्यूकिंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की त्या एका नावाखाली निदान १२६ जाती आहेत, आणि अंदाजाने त्या चारशेच्या वर असाव्यात. म्हणजे जी जाती सगळीकडे होती असं वाटत होतं ती प्रत्यक्षात कुठेच नव्हती. तिथे होत्या एकेका डोंगरापुरत्या छोट्या जाती. एरिओडर्मामध्ये दोन नावांचं एक झालं आणि क्षेत्र पसरलं, कोरात एका नावाची शंभरावर झाली आणि क्षेत्रं आक्रसली. दूरच्या ठिकाणी सापडलेल्या शैवाकाची ‘नवी नोंद’ म्हणून घोषणा करण्याआधी हे दोन्ही दाखले डोळ्यांसमोर असलेले बरे. बाह्य लक्षणांवर ठरलेली नोंद खोटीच असते असं नाही, पण ती तात्पुरती असते.

दुसरा प्रश्न नमुना खरंच तिथलाच आहे का, हा. आँत्वान फे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १८२४ साली एक ग्रंथ काढला. त्यात उष्ण कटिबंधातल्या कितीतरी शैवाकांची वर्णनं होती आणि ती मिळाली होती युरोपात औषधासाठी आलेल्या सिंकोनासारख्या सालींवर! झाड कुठल्या डोंगरावरचं, हे व्यापाऱ्याच्या नोंदीवर अवलंबून. अशा नमुन्यांचं मूळ गाव पुढे शोधून काढणं ही डोकेदुखीच असते. आपल्याकडे दगडफुलाचंही तेच आहे. बाजारातलं पुष्कळसं दगडफूल उत्तराखंडासारख्या हिमालयी राज्यांतून येतं आणि एकाच पुडीत अनेक जाती मिसळलेल्या असतात. पुण्या-मुंबईच्या वाण्याकडच्या डब्यातलं शैवाक पाहून महाराष्ट्रातून नवी जाती नोंदवण्याचा मोह कुणाला झालाच तर त्याने तो आवरावा.

ओळख पक्की, जागा पक्की आणि मधल्या प्रदेशात खरोखरच काही नाही, असं ठरलं तरच प्रवासाची गोष्ट सुरू होते. इथे पुरावे चांगले आहेत. २००४ साली स्पेनच्या हेसुस मुन्योझ आणि सहकाऱ्यांनी दक्षिण गोलार्धातल्या बेटांवरची मॉस, नेचे, शैवाकं यांची तुलना केली. दोन बेटं एकमेकांपासून किती दूर आहेत यापेक्षा त्यांच्यात वारा कसा वाहतो, यावर त्यांच्यातलं साम्य जास्त अवलंबून असल्याचं त्यांना दिसलं. प्रवास सोसण्याचं म्हणाल तर २००५ साली दोन शैवाकं अंतराळयानाच्या बाहेरच्या बाजूला दोनेक आठवडे उघड्यावर ठेवून परत आणली. निर्वात पोकळी आणि सूर्याचे अतिनील किरण सोसूनही ती जिवंत होती. तेव्हा उंच हवेतून जाणं शैवाकाला जड नाही. जड जातं ते उतरल्यावर जम बसवणं.

सेट्रारिया ॲक्युलिएटा हे काटेरी, तपकिरी, झुडपासारखं शैवाक उत्तर गोलार्धात सगळीकडे आहे, आणि मग मधला उष्ण पट्टा बहुतांशी सोडून थेट पॅटागोनिया आणि अंटार्क्टिकात. क्रिस्टियान प्रिंट्सेन आणि फेर्नांदो फेर्नांदेस-मेंडोझा यांनी त्याची जनुकं वाचली. त्यांचा निष्कर्ष: मूळ उत्तरेत, आणि दक्षिणेकडे पसरणं हिमयुगाच्या काळात, म्हणजे गेल्या पंचवीसेक लाख वर्षांत. हिमयुग हा शब्द ऐकून खंड तुटण्याच्या काळापर्यंत मागे जायचं कारण नाही, तितका तो जुना नाही. यातला मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग आतल्या शैवालाचा. समशीतोष्ण प्रदेशातल्या आणि ध्रुवीय हवामानातल्या वस्त्यांमध्ये बुरशी एकच, पण शैवालाचे आनुवंशिक प्रकार वेगळे. म्हणजे नव्या हवामानात जाताना जोडीदार बदलण्याची सोय त्या बुरशीला आहे. एरिओडर्मा पेडिसेलॅटमला ती कितपत आहे, यावर त्याचं अटलांटिक ते कामचाटका हे विखुरलेलं क्षेत्र कसं झालं याचं उत्तर बरंचसं अवलंबून आहे.

अवशेषाचा पर्यायही विसरता येत नाही. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका यांच्या वनस्पतींमधलं साम्य एसा ग्रे यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, आणि शैवाकांत अँझिया हा वंश त्याचं उदाहरण आहे. पूर्वी सलग असलेलं क्षेत्र हवामान बदलल्यावर तुटतं आणि दोन टोकं उरतात. आपल्याकडे हिमालय आणि पश्चिम घाट यांतल्या समान माशांबद्दल सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये सातपुड्यावरून झालेल्या स्थलांतराचा सिद्धांत मांडला. हिमालयातली काही थंड हवेची शैवाकं निलगिरी-पळणीच्या शोलावनांतही आहेत. माशाला नदी लागते, शैवाकाला वारा पुरतो, त्यामुळे होरांचा सिद्धांत शैवाकांना जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. पण तो तपासायचा तर पचमढी, चिखलदरा, तोरणमाळ इथल्या झाडांच्या साली पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि माणूस? त्याचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो तो लेकॅनोरा कोनिझिऑइडिसमध्ये. एकोणिसाव्या शतकात हे ब्रिटनमध्ये दिसू लागलं आणि कोळशाच्या धुरात इतर शैवाकं मरत असताना ते फोफावलं, कारण गंधक डायऑक्साइड त्याला चालतो. शहराशहरांतून ते सर्वांत सामान्य शैवाक झालं. मूळचं मध्य युरोपातल्या दलदलीतल्या बुटक्या पाइनवरचं असावं, असा तर्क आहे. हवा सुधारली तसं तेच आता दुर्मीळ होत चाललंय. नेदरलँड्समध्ये ॲपट्रूट आणि फान हेर्क यांनी झाडं वर्षानुवर्षं मोजून दाखवलं की उष्ण प्रदेशातल्या जाती वाढत आहेत, विशेषतः ज्यांच्यात ट्रेंटेपोहलिया हे शैवाल असतं त्या. ट्रेंटेपोहलिया आपल्याला नवं नाही. पावसाळ्यात कोकणात माडांच्या खोडांवर आणि जांभ्याच्या भिंतींवर जो नारिंगी मखमली थर दिसतो तो बहुधा त्याचाच. हे खरे स्थलांतराचे दाखले, आणि ते सिद्ध झाले कारण मोजणी आधीपासून चालू होती. एकदाच कुठेतरी गेलेल्या माणसाला हे कळणं शक्य नव्हतं.

सह्याद्रीतल्या ज्या अनेक शैवाकांना प्रदेशनिष्ठ म्हटलं जातं त्यांतली कित्येक फक्त मूळ नमुन्यावरून किंवा एखाद-दुसऱ्या ठिकाणावरून माहीत आहेत. सालीवर शाईच्या बारीक रेघोट्यांसारखी दिसणारी ग्राफिस वंशातली शैवाकं घ्या. या वंशातल्या जगभरच्या जाती ओळखण्याची सारणी २००९ साली आली. त्यामुळे आता महाराष्ट्रातला नमुना ब्राझील किंवा थायलंडच्या नमुन्याशेजारी ठेवून पाहणं सोपं झालं आहे. अशी तुलना होत जाईल तशी काही ‘आपली’ म्हणवणारी नावं गळून पडतील आणि काही परक्या नावांखाली खऱ्या नव्या जाती निघतील. दोन्हीला तयार असावं. प्रदेशनिष्ठेचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण संवर्धनाचा निर्णय घेताना त्या शिक्क्यामागे किती ठिकाणची पाहणी आहे हे विचारलंच पाहिजे. डेनालीच्या शोधाने एरिओडर्मा पेडिसेलॅटमचं जगातलं भवितव्य बरं दिसू लागलं, तरी नोव्हा स्कॉशियातल्या त्याच्या झाडांना त्याने काडीचाही फायदा झालेला नाही. तिथल्या वस्तीचा धोका वेगळाच मोजावा लागतो. कॅनडाने २००२ सालीच अटलांटिक किनाऱ्यावरची आणि न्यूफाउंडलंडची वस्ती वेगवेगळी धरून वेगवेगळा दर्जा दिला, हे शहाणपणाचं झालं.

शैवाकांकडे लक्ष देणाऱ्या हौशी वाचकांना एकच विनंती. अनोळखी शैवाक दिसलं तर ते खरवडून घरी आणू नका. कित्येक जाती वर्षाला मिलिमीटरभरच वाढतात. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या. झाड की खडक, झाडाचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, नेमकं ठिकाण आणि तारीख लिहा आणि ती माहिती जवळच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला किंवा आघारकर संस्थेला पाठवा. आणि जिथे तासभर शोधूनही एखादी जाती सापडली नाही, त्या जागेचीही नोंद करा. अशा नोंदी सहसा कुणी पाठवत नाही आणि आढळक्षेत्राच्या नकाशात नेमकी तीच माहिती सगळ्यात कमी आहे.